आजचा दिवस हिरव्या रंगाचा

सोसायटीतल्या मुली मागे लागल्या होत्या, "काकू, ख्रिसमसची कार्डं करूया ना!" मग आज जेवणाचं टेबल रिकामं केलं आणि सगळ्यांना वॉटरकलरने रीथ काढायला बसवलं. दारावर लावतात ते हिरव्या फांद्यांचं गोल कडं. वाटी पालथी ठेवून पेन्सिलीने पुसट वर्तुळ आखायचं, बस्स! "मला चित्र येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी याहून सोपा विषय नाही.

पानांत खरी मजा. गोल ब्रशचं टोक टेकवायचं, दाबायचं, ओढत उचलायचं, झालं पान. ट्यूबमधला हिरवा नुसताच लावला तर प्लास्टिकसारखा दिसतो, त्यात किंचित लाल मिसळा. (हे मुलींना करून दाखवेपर्यंत पटेना!) होली या काटेरी पानांच्या झुडपाची लाल फळं आधी रंगवायची आणि ती पूर्ण वाळल्यावरच शेजारची पानं, नाहीतर लाल-हिरवं मिसळून तपकिरी चिखल. फळावरची चमक म्हणजे न रंगवलेला कोरा कागद. ब्रश साधा चालेल, पण कागद ३०० जीएसएमचाच (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) घ्या. पातळ कागद पाण्याने वाकतो.

सगळ्यात धाकटीने रीथमध्ये आंब्याची पानं आणि झेंडू घातले. मी काही बोलले नाही. तिचंच कार्ड सगळ्यात देखणं झालंय, फोटो टाकतेय.