दरवाढ परस्पर होत नाही
आज परभणीत ओळखीच्यांची वीजबिलं बघितली. प्रत्येकाचं एकच, ‘दर परस्पर वाढवतात.’ तसं नाही. महावितरण खर्च आणि महसुलातली तूट मांडून वीज नियामक आयोगाकडे याचिका करते. वीज कायदा 2003, कलम 64 नुसार ती जाहीर करावी लागते. सूचना-हरकती विचारात घेऊन 120 दिवसांत आदेश. हरकत लेखी द्या, नुसता संताप नको. गळती (वाटेत वाया किंवा चोरीला जाणारी वीज) किती धरली, बिलांची वसुली किती, यावर बोट ठेवा. मराठवाड्यातून हे व्हायलाच हवं!

बिलात स्थिर आकार (वापर नसला तरी लागणारा), वीज आकार (वापरलेल्या युनिटचा), वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा), इंधन समायोजन (इंधनखर्चातल्या फरकाचं) वेगवेगळं वाचा. घरगुती वीज शुल्क टक्क्यांत असतं, म्हणून दरासोबत तेही चढतं. आणि रीडिंग 40 दिवसांनी घेतलं असेल, तर महिन्याचा 100 युनिटचा, कमी दराचा पहिला टप्पा त्या 40 दिवसांसाठी साधारण 133 युनिट धरला आहे का, ते तपासाच.