ग्डिनियाची अर्ध मॅरेथॉन

शनिवार, १७ ऑक्टोबर २०२०. घटस्थापना.

या वर्षात रस्त्यावरची एवढी मोठी शर्यत पाहायला मिळेल अशी आशा मी सोडली होती. पोलंडमधल्या ग्डिनियाला अर्ध मॅरेथॉनची जागतिक स्पर्धा खरं तर मार्चच्या शेवटी व्हायची. कोरोनाने ती लांबवली आणि आज झाली. मूळ बेतात हजारो हौशी धावपटूही त्याच रस्त्यांवर पळणार होते, ते रद्द झालं. बाल्टिकच्या काठावरच्या या बंदरात आज पळाले ते फक्त देशोदेशीचे निवडलेले. आधी बायका, मग पुरुष. एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर.

नैवेद्य झाल्यावर फोन उशाला टेकवून बसले, वही मांडीवर. दर पाच किलोमीटरची वेळ लिहून ठेवायची माझी जुनी सवय आहे. भाची शेजारी येऊन बसली आणि तिने पहिल्या काही मिनिटांतच नेमका प्रश्न विचारला, “आत्या, यांच्यापुढे पेसर का नाहीत?”

नसतातच. मोठ्या शहरांच्या शर्यतींत आयोजक पैसे देऊन पेसर आणतात. ते ठरलेल्या वेगाने पुढे पळतात, वारा अंगावर घेतात आणि काम झालं की बाजूला होतात. मागच्यांना फक्त पाय चालवायचे असतात. जागतिक स्पर्धेत तसं कोणी नसतं. पुढे जायचं तर स्वतः जायचं, आणि मागच्या सगळ्या जणी आपल्याच आडोशाने पळताहेत हे पत्करायचं. म्हणून अशा शर्यती पुष्कळदा रेंगाळतात. सगळे एकमेकांकडे बघत राहतात आणि खरी शर्यत शेवटच्या काही किलोमीटरांत होते.

आज बायकांनी तसं होऊच दिलं नाही. पुढचा गट सुरुवातीपासून इतका जोरात होता की मी वहीतला आकडा दोनदा तपासला. त्या गटात कोण नव्हतं! केनियाची पेरेस जेपचिरचिर आणि जॉयसिलीन जेपकोसगेई. इथिओपियाची अबाबेल येशानेह, जिने याच फेब्रुवारीत संयुक्त अरब अमिरातीतल्या रास अल खैमाला १:०४:३१ असा जागतिक विक्रम केला. तिच्याच देशाची एकवीस वर्षांची यालेमझेर्फ येहुआलाव. आणि जर्मनीच्या पोशाखात मेलात केजेता. ही जन्माने इथिओपियाची, निर्वासित म्हणून जर्मनीत आली आणि गेल्या वर्षी तिथली नागरिक झाली. तिचं नाव माझ्या यादीत नव्हतं. तिने मात्र पुढचा गट सोडला नाही.

मध्येच पायात पाय अडकून येशानेह आणि जेपकोसगेई पडल्या. माझ्या तोंडून “अगं बाई!” निघालं. दोघी उठल्या, पळाल्या, पाचवी आणि सहावी आल्या. या वेगात एकदा लय तुटली की ती परत सापडणं किती अवघड असतं, हे पळणाऱ्या कुणालाही विचारावं. त्या दोन जागांचं मोल मला पदकाहून कमी वाटत नाही.

शेवटी उरल्या तिघी. जेपचिरचिर १:०५:१६, केजेता १:०५:१८, येहुआलाव १:०५:१९. एकवीस किलोमीटर पळून तिघींमध्ये तीन सेकंद! आणि जेपचिरचिरची वेळ हा फक्त बायकांच्या शर्यतीतला नवा जागतिक विक्रम. आधीचा १:०५:३४ तिचाच होता, गेल्या महिन्यात प्रागच्या एका बागेत फेऱ्या मारून केलेला.

हा वेगळा विक्रम का मोजतात तेही भाचीला सांगितलं. येशानेहचा १:०४:३१ झाला त्या शर्यतीत पुरुषही पळत होते, आणि पुरुषांच्या आडोशाने पळणारीला मदत होते. आज तसा आडोसा कुणालाच नव्हता. जेपचिरचिरला १:०५:१६ पर्यंत आणलं ते केजेताने आणि येहुआलावने. तिघींपैकी एक जरी शेवटच्या दोन किलोमीटरांत मागे पडली असती, तर बाकीच्यांनी आपापल्या जागा सांभाळून वेग उतरवला असता असं मला ठामपणे वाटतं.

जेपचिरचिरबद्दल मला फार आपुलकी आहे. २०१६ साली कार्डिफला हीच जागतिक स्पर्धा जिंकली, पुढच्या वर्षी जागतिक विक्रम केला, मग मुलगी झाली. त्यानंतर ती पुन्हा तिथवर पोचेल का, अशी चर्चा करणारे पुष्कळ होते. आजचा आकडा मी वहीत लाल शाईने लिहिला.

पुरुषांच्या शर्यतीत माझं लक्ष युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईवर होतं. ऑगस्टमध्ये मोनॅकोत ५,००० मीटरचा जागतिक विक्रम, आणि दहाच दिवसांपूर्वी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात १०,००० मीटरचा, २६:११. अर्ध मॅरेथॉन मात्र तो आज आयुष्यात पहिल्यांदा पळत होता. सलग तीनदा ही स्पर्धा जिंकलेला जेफ्री कामवोरोर यंदा नव्हता. जूनमध्ये मोटारसायकलच्या धडकेत त्याच्या पायाला दुखापत झाली. त्यामुळे गादी रिकामी होती आणि सगळ्यांनी ती चेप्टेगेईला देऊन टाकली होती. मीसुद्धा.

ती पटकावली त्याच्याच संघातल्या पोराने. जेकब किप्लिमो अजून वीस वर्षांचाही नाही. रिओ ऑलिंपिकला तो पंधरा वर्षांचा असताना गेला होता. तो आणि चेप्टेगेई, दोघंही युगांडा-केनियाच्या सीमेवरच्या माउंट एल्गॉनच्या उतारावरचे. शेवटच्या टप्प्यात किप्लिमो, केनियाचा किबिवोट कांडी आणि इथिओपियाचा अमेदवर्क वालेलेन असे तिघे पुढे राहिले आणि चेप्टेगेई मागे पडला. मग किप्लिमोने जोर काढला. मागे वळून पाहणं नाही, चेहऱ्यावर ताण नाही, पावलं फक्त लांब होत गेली. ५८:४९, या स्पर्धेच्या इतिहासातली सर्वांत वेगवान वेळ. कांडी ५८:५४, वालेलेन ५९:०८. युगांडाच्या पुरुषाने ही स्पर्धा पहिल्यांदाच जिंकली.

किलोमीटरला २ मिनिटं ४७ सेकंद. भाचीने शंभर मीटरचा हिशोब केला, सतरा सेकंदांच्या आत. तिच्या शाळेत शंभर मीटर सतरा सेकंदांत पळणारी मुलं आहेत म्हणाली, “पण एकदाच!”

चेप्टेगेई चौथा, ५९:२१. याला अपयश म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही. दहा दिवसांपूर्वी पाय पिळून काढलेला माणूस नव्या अंतरात उतरतो, आणि पदक हुकल्यावरही सोडून देत नाही. संघाची वेळ पहिल्या तिघांच्या बेरजेने ठरते, आणि युगांडाला सांघिक कांस्य मिळालं त्यात त्याची प्रत्येक सेकंद धरलेली आहे. सांघिक सुवर्ण पुरुषांत केनियाचं, बायकांत इथिओपियाचं. केजेताच्या जर्मनीलाही बायकांचं कांस्य मिळालं.

रविवार, २९ नोव्हेंबर २०२०

दिल्लीची अर्ध मॅरेथॉन. ग्डिनियात तिसरे आलेले दोघंही आज पहिले आले! वालेलेन ५८:५३, आणि येहुआलाव १:०४:४६. त्या तिघींतली ती शेवटची म्हणून मी तिच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या. आज तिने पूर्ण पान घेतलं.

पण आजचं पान खरं आपल्या अविनाश साबळेचं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, घरी शेती, लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटर जायचं, पुढे सैन्य. ३,००० मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीचा हा माणूस, टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला. आज तो वालेलेनच्याच शर्यतीत पळाला आणि १:००:३० मध्ये पोचला. ६१ मिनिटांच्या आत अर्ध मॅरेथॉन पळणारा पहिला भारतीय! घरात मी एकटीच ओरडले. भाचीला फोन लावला तर ती आधीच पाहून बसलेली, म्हणाली, “आत्या, आपला साबळे!”

ग्डिनियाची वही काढून ताडून पाहिलं. चौथ्या आलेल्या चेप्टेगेईच्या वेळेपासून साबळे सव्वा मिनिटाच्या आत आहे. मार्ग वेगळा, हवा वेगळी, हे मान्य. तरी दुष्काळी भागातल्या पोराचं नाव त्या यादीशेजारी ठेवून बघता येतं, हे मला आज पहिल्यांदा करता आलं.

रविवार, ६ डिसेंबर २०२०

व्हॅलेन्सियाची अर्ध मॅरेथॉन. कांडी ५७:३२, जागतिक विक्रम. किप्लिमो ५७:३७. कामवोरोरचा आधीचा विक्रम ५८:०१ होता. आज एकाच शर्यतीत चौघं त्याच्या आत आले. तळव्यात कार्बनची पट्टी असलेल्या नव्या बुटांचा त्यात वाटा आहेच, आणि सपाट, गार व्हॅलेन्सियाचाही.

ग्डिनियात पाच सेकंदांनी हरलेल्या कांडीने आज पाच सेकंदांनीच परतफेड केली. भाची विचारते, आता मोठा कोण? मी अजून किप्लिमो म्हणते. आज पेसर होते, वेळ ठरवून पळायची शर्यत होती. ग्डिनियात पुढे कधी जायचं हे त्याचं त्याने ठरवलं होतं, आणि चुकला असता तर दोघं टपलेले होते. भाचीला हे पटत नाही, तिचं मत कांडीच्या बाजूने आहे आणि तिच्याकडे विक्रमाचा आकडा आहे. पुढची जागतिक स्पर्धा २०२२ साली चीनमध्ये यांगझोऊला व्हायची आहे. वाद तिथे मिटवायचा असं ठरलं आहे, आणि साबळे तिथे पळाला तर वाद बाजूला ठेवून दोघींनी त्याच्याच वेळा लिहायच्या.