वर्षाला साठ काडतुसं

विट्याला पोचून चार दिवस झाले नाहीत तोच मामांनी विषय काढला. "तिकडं म्हणं तू बंदुकीच्या गोळ्या घरी बनवतोस?" दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मामांच्या आवाजात काळजी होती, आणि शेजारी बसलेल्या शिराळ्याच्या मावसभावाच्या डोळ्यांत भलतीच आशा. त्यांच्याकडं चांदोलीच्या बाजूनं रानडुकरं येतात, एका रात्रीत भुईमुगाचं रान उकरून जातात. त्याला काय विचारायचंय ते मला न विचारता कळलं.

म्हणून आधी तेच सांगतो. आपल्याकडं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनहून निघताना एक रिकामी पुंगळीसुद्धा चुकून येऊ नये म्हणून बॅग दोनदा झटकली होती. पुढं जे लिहितोय ते तिकडचं, तिकडच्या कायद्यातलं. तिथं स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायचं म्हटलं की लागतो.

आता शिकारीचं. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीनं हरीण मारायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. १ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्यांना आधी शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग पूर्ण करावा लागतो, मगच परवाना. अंगावर भगभगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा सक्तीचा. मला हे शिकवलं शेजारच्या मका पिकवणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं. त्याच्या रानात पांढऱ्या शेपटीची हरणं कळपानं उतरतात. पहिलं हरीण मिळालं तेव्हा त्याच्या खळ्यावर आम्ही जत्रेतल्यासारखे वाटे घातले. माझ्या आईच्या गळ्यात माळ आहे. ती या विषयावर माझ्याशी बोलत नाही, आणि मी तिच्यासमोर काढत नाही.

हंगामाआधी दोन-तीन रविवार रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) जाऊन बंदूक नेमकी लागते का ते बघायचं, त्यात पन्नासेक काडतुसं जातात. हंगामात दोन, फार तर तीन. धरून चाला, वर्षाला साठ. हा आकडा लक्षात ठेवा, कारण यंत्र घेताना मी तोच विसरलो होतो.

काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्राइमर (दिवाळीतल्या टिकलीचा कामसू भाऊ म्हणा), आत दारू, आणि तोंडावर गोळी. बार झाला की गोळी आणि दारू गेली, प्राइमर वाया गेला. पुंगळी मात्र हातात राहते, आणि चौघांत बनवायला तीच महाग. फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, नवा प्राइमर बसवायचा, दारू तोलून भरायची, गोळी दाबायची. याला तिकडं रीलोडिंग म्हणतात. शिराळ्याच्या भावाच्या आजोबांकडं परवान्याची ठासणीची बंदूक होती. दारू मोजून घालणं त्याला नवं नव्हतं.

यंत्रांत मुख्य प्रकार तीन. सिंगल स्टेज प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय (साचा), दांडा एकदा ओढला की एक काम. टरेट प्रेसमध्ये वर फिरतं चाक, त्यात चार-पाच डाय एकदम लावून ठेवायच्या. प्रोग्रेसिव्हमध्ये प्रत्येक ओढीला सगळी कामं वेगवेगळ्या पुंगळ्यांवर एकदम होतात आणि दर खेपेला एक तयार काडतूस बाहेर पडतं. रेंजवरचे सगळे प्रोग्रेसिव्हचे गोडवे गात होते. ते आठवड्याला शेकड्यांनी पिस्तुलाच्या गोळ्या उडवणारे लोक. मी सातशे डॉलरच्या पुढची ती यंत्रं बघत होतो, आणि एका रात्री व्हिडिओ कॉलवर तात्यांना फोटो दाखवला.

तात्या किर्लोस्करवाडीला टर्नर होते, आता निवृत्त. फोटो मोठा करून त्यांनी बराच वेळ बघितला.

"वर्षाला किती नग?"

"साठ, तात्या."

"साठ नगांना टरेट लेथ कोण लावतं रं? सेटिंगमध्येच दिवस गेला. पाचशे नगांचं जॉब असंल तर लाव. साठ नग साध्या लेथवर कर, एकेक मापून कर, चूक झाली तर एकच नग जातोय."

वालचंदला चार वर्षं प्रॉडक्शन शिकून, तिकडं कारखान्यात बारा वर्षं काढून, हे मला दुसऱ्यानं सांगावं लागलं. त्या एका वाक्यात खरेदीचा निम्मा प्रश्न सुटला. सिंगल स्टेज.

त्यातही स्वस्त आणि महाग आहेच. आरसीबीएसचा रॉक चकर म्हणजे बिडाचा जड प्रेस, नातवाला वारसा म्हणून द्यावा असा. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला सुरू झालेली ही जुनी कंपनी. रेडिंग, लायमन, हॉर्नेडी यांचेही चांगले आहेत. सगळ्यांत स्वस्त म्हणजे ली प्रिसिजन, आणि योगायोगानं तिचा कारखाना आमच्याच राज्यात, मिलवॉकीजवळ हार्टफर्डला. मी त्यांचा हलक्या धातूचा चॅलेंजर प्रेस संचासकट घेतला, दोनशे डॉलरच्या आत. पिस्तुलाच्या हजारो गोळ्यांत तो झिजेल असं म्हणणाऱ्यांशी मला वाद नाही. साठ नग गुणिले वीस वर्षं, बाराशे नग. त्यात काय झिजणार?

याहून स्वस्त दोन वाटा आहेत. एक हातात धरायचा प्रेस. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, भिंतीला भोक पाडायची परवानगी नसणाऱ्याला तो खरंच उपयोगी. पुंगळी दाबायला मनगटाचा जोर लागतो, एवढंच. दुसरा हातोड्यानं ठोकायचा जुना संच, खिशात मावणारा. तो पुंगळीची फक्त मान मापाला आणतो, त्यामुळे ते काडतूस ज्या बंदुकीतून पुंगळी निघाली तिच्यातच नीट बसतं. मला तो रुचला नाही. प्राइमरच्या आसपास हातोडा मारायला माझं मन तयार होत नाही.

डायच्या बाबतीत मात्र निश्चिंत राहा. या सगळ्या कंपन्यांच्या साध्या प्रेसला एकाच मापाचे आटे असतात, पाऊण इंचाहून थोडे मोठे, सात-अष्टमांश इंच, इंचाला चौदा. एकाची डाय दुसऱ्याच्या प्रेसमध्ये बसते. म्हणून प्रेस आज स्वस्त घेतला आणि उद्या मोठा घेतला तरी डाय वाया जात नाहीत. माझी बंदूक ३०८ विंचेस्टर, १९५२ पासून चालत आलेलं माप, त्यामुळे डाय आणि पुंगळ्या कुठंही मिळतात. शिकारीला नवी बंदूक घेणाऱ्यानं हाही विचार करावा. नवीन फॅशनचं माप घेतलं की पुंगळ्यांपासून सगळं शोधत बसावं लागतं.

वाचवलेला पैसा कुठं घालायचा, तर काट्यात. इथं मामा खुर्ची पुढं ओढून बसले. मामांनी तामिळनाडूत तीस वर्षं गलाईचा धंदा केला. सोनं वितळवणं आणि तोलणं यातच त्यांचा जन्म गेला. मी म्हटलं, तिकडं दारू ग्रेनमध्ये तोलतात, सात हजार ग्रेनचा एक पौंड. मामा लगेच म्हणाले, "ग्रेन आम्हाला काय सांगतोस? जुना तोळा १८० ग्रेनचाच." आणि खरंच, मी मनात हिशोब केला. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज जवळपास १.९ ग्रेन. माझ्या बंदुकीला चालणारी १८० ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर एक तोळा. दारू पाव तोळ्याच्या आसपास. इतकी वर्षं परक्या मापात तोलत होतो आणि ते माप आमच्या विट्याच्या पेढीवरचंच निघालं.

दारूचा पाव गुंजेचा फरकही नोंद घेण्यासारखा असतो. जास्त पडली तर नळीतला दाब वाढतो, आणि ती नळी गालापासून वीतभर अंतरावर असते. संचातला प्लास्टिकचा काटा मोजतो बरोबर, पण थरथरत राहतो, जीव खातो. मी तो बाजूला ठेवला आणि वेगळे शंभरेक डॉलर घालून चांगला दांडीचा काटा घेतला. बॅटरीचे स्वस्त काटे गरम-थंड झाले की सरकतात. मामा म्हणाले, "पंखा बंद केल्याशिवाय काटा खरं बोलत नाही." तळघरात हीटरची झुळूक येते तिथं मी गेले दोन हंगाम तोलत होतो. आता टेबल हलवणार.

बाकीचं झटपट. व्हर्निअर कॉलेजपासूनचा होताच. पुंगळी लांबली की कापायचं छोटं हत्यार, कड घासायचं हत्यार, डोळ्यांवर चष्मा. पुंगळ्या चकचकीत करायचं फिरतं यंत्र अजिबात नको, साठ पुंगळ्या फडक्यानं पुसून होतात. तेलात मात्र कंजुषी नको. पहिल्या महिन्यात एक पुंगळी तेल न लावता दाबली ती डायमध्ये अशी अडकली की काढायला वेगळं हत्यार मागवावं लागलं. आणि एक पुस्तक हवंच: हॉर्नेडी किंवा लायमनचं, ज्यात कुठल्या गोळीला कुठली दारू किती याचे तपासलेले तक्ते असतात. कुणाच्या तोंडी ऐकलेलं माप कधी वापरू नये. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा, मूळ डब्यातच. सगळ्या पुंगळ्या ओळीत उभ्या करून बॅटरीच्या उजेडात आत बघायचं, मगच गोळी. हात धुतल्याशिवाय वर यायचं नाही, जुन्या प्राइमरच्या काजळीत शिसं असतं आणि घरात लहान पोरं आहेत.

पैसे वाचतात का? मला पडलेल्या भावात सांगतो. मी शिशाऐवजी पूर्ण तांब्याच्या गोळ्या वापरतो. २००८मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले होते, अन्नवाटप केंद्रांना तो टाकून द्यायला सांगितलं गेलं. ते वाचल्यावर मी पोरांच्या ताटात शिशाच्या गोळीचं मटण वाढलेलं नाही. तयार काडतूस तांब्याचं घेतलं तर एकाला पावणेतीन-तीन डॉलर. घरी भरलं तर गोळीचे नव्वद सेंट, दारूचे तीस, प्राइमरचे दहा. एक डॉलर तीस. साठांवर वर्षाला शंभर डॉलरच्या आसपास सुटतात, आणि माझं सगळं सामान साडेतीनशेचं. चार वर्षांत फिटलं. शिशाची साधी काडतुसं घेणाऱ्याचे वर्षाला जेमतेम चाळीस-पन्नास वाचतील. त्यानं यंत्राच्या नादी लागू नये, रिकाम्या पुंगळ्या मात्र जपून ठेवाव्यात. २०२०-२१मध्ये दुकानांत काडतुसं मिळत नव्हती तेव्हा जुन्या पुंगळ्यांनी बऱ्याच जणांचा हंगाम वाचवला. प्राइमरही तेव्हा गायब झाले होते, हेही खरं. तेव्हापासून मी एक हजाराचा डबा शिलकीत ठेवतो, माझ्या वेगानं तो सोळा वर्षं पुरेल.

शिराळ्याचा भाऊ शेवटपर्यंत ऐकत होता. रानडुकरांचं काय, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पंचनामा करून वनखात्याकडं भरपाईचा अर्ज लगेच टाक, एवढंच म्हणालो. त्यानं मान हलवली.

उठताना मामांनी गल्ल्यामागच्या डबीतून पितळेचं जुनं तोळ्याचं वजन काढून माझ्या हातावर ठेवलं. मला वाटलं काट्याच्या तपासणीला देतायत. "ह्यानं काटा तपासू नको," ते म्हणाले, "चाळीस वर्षं बोटांनी झिजलंय. तपासायला प्रमाणित वजन विकत घे. हे नुसतं जवळ ठेव." दोन फेब्रुवारीला विमान आहे. घरी गेलो की पहिल्यांदा प्रमाणित वजनानं काटा लावणार, आणि मग त्यावर मामांचं हे ठेवून १८०ला किती कमी भरतं ते बघणार.