बेळगाव–हलशी–खानापूर: एकटीच्या सायकलवारीचा पहिला दिवस

बेळगावहून गोव्यात उतरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं कन्याकुमारी गाठायची, असा बेत. पहिल्याच दिवशी अनमोड घाट उतरून जा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. मी मात्र मुद्दाम 55 किलोमीटरच्या आसपासचा टप्पा ठेवला, मुक्काम खानापूर. सामान लादलेली सायकल वळणावर आणि ब्रेकला वेगळीच वागते. तिची सवय घराजवळच झालेली बरी. शिवाय देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा ही स्टेशनं याच बाजूला आहेत. काही मोडलंच तर गाडीनं परत येता येतं.

उजाडता उजाडता निघा. तिसरं गेट, उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे हा पट्टा कारखान्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत मागे पडला पाहिजे. पुढे हायवे रुंद आहे, चढउतार सौम्य. डावीकडे येळ्ळूरचा राजहंसगड दिसायला लागला की थांबा आणि कॅरियरचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवं ओझं पहिल्या तासा-दोन तासांतच बोल्ट सैल करतं. माझा एक अर्धा फिरला होता. जड वस्तू पॅनियरच्या, म्हणजे कॅरियरला लटकणाऱ्या पिशव्यांच्या, तळाशी ठेवा, नाहीतर चढाला हँडल हलकं पडून सायकल डुलते.

हिवाळ्यात आलात तर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांपासून जपा. दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही आणि ड्रायव्हरच्या कानाशी मोठ्यानं गाणी! तुमची घंटा त्याला ऐकू जाणार नाही. ओव्हरटेक करण्यापेक्षा जाऊ द्यावं. पावसाळ्यात मात्र खानापूर तालुक्याच्या वाटेला न गेलेलंच बरं.

खानापूर 26 किलोमीटर. इडली-वडा खाताना हॉटेलातल्या काकूंनी विचारलंच, "एकटीच काय गं? घरात सांगून आलीस न्हवं?" हो म्हटल्यावर सांबार पुन्हा वाढलं. इथं मराठी सगळीकडे चालते, पण एसटीच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. कन्नड आकडे तेवढे शिकून या.

सामान लॉजवर टाकून हलशीला जाता येईल, पण मी लादूनच गेले, सराव तोच. वाटेत नंदगड. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शूर साथीदार संगोळ्ळी रायण्णा, त्याला 1831 मध्ये इंग्रजांनी इथं फाशी दिलं. त्याच्या समाधीजवळच्या वडाला लोक नवसाचे पाळणे बांधतात. नंदगडनंतर रस्ता अरुंद, रहदारी तुरळक, आणि दिवसातलं सगळ्यात चांगलं सायकलिंग इथंच.

हलशी म्हणजे कदंब राजांची जुनी पलाशिका. आज पाहिलं तर साधं शेतकरी गाव, आणि मध्येच बाराव्या शतकातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ. त्याला दोन गाभारे आहेत, समोरासमोर. वराहाकडे तोंड केलं की नरसिंहाकडे पाठ होते. मंडपातला दगड उन्हातही गार असतो, तासभर पाठ टेकायला याहून चांगली जागा नाही. बरोबर कुंदा, म्हणजे दुधाची मिठाई, ठेवा. बेळगावचा कुंदा दोन दिवस सहज टिकतो, आणि परदेशी एनर्जी जेलच्या पैशात अर्धा किलो येतो!

चाकातल्या हवेचं सांगायचं राहिलं. गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची सोय असते, प्रेस्टाची, म्हणजे महागड्या सायकलींच्या बारीक व्हॉल्व्हची, नसते. चाकाला प्रेस्टा असेल तर पितळी अ‍ॅडॉप्टर आणि दोन ट्यूब बेळगावातच घ्या.

खानापुरात लॉज मोजकेच आहेत. आधारकार्ड लागतं. तळमजल्याची खोली मागा आणि सायकल आत घेऊ देतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. पहिल्या ठिकाणी नाही म्हणाले, दुसरीकडे लगेच जमलं. मलप्रभा नदीचा घाट जवळ आहे, संध्याकाळी पाय बुडवायला जा. दुसऱ्या दिवशी लोंढ्याकडे निघाल्यावर जंगल लागतं. दोन्ही बाटल्या भरून घ्या, अंधारात निघू नका, जनावरांचा वावर आहे. चहा गुंजीत मिळेल.