मुळांचा रंग

माझ्याकडचे फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस हे ऑर्किड इतके लहान आहे की पाने पूर्ण पसरलेली असतानाही ते तळहाताबाहेर फारसे जात नाही. फिलिपिन्स आणि तैवानच्या बाजूला सापडणारी ही जात निसर्गात प्रामुख्याने झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढते. तेवढ्यावरून तिला बांडगूळ म्हणणारे बरेच भेटतात, पण तो अन्याय आहे. बांडगूळ यजमान झाडाचा रस शोषते, तर हे ऑर्किड केवळ आधार घेते आणि पावसाच्या व हवेतल्या ओलाव्यावर गुजराण करते.

पहिले रोप मी हौसेपोटी मारले. वाढायला जागा हवी म्हणून मोठी कुंडी घेतली, त्यात स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारे शेवाळ, दाबून भरले आणि दर रविवारी नेमाने पाणी घातले. वरचे मॉस कोरडे दिसत होते, आतले मात्र कधी वाळतच नव्हते. पाने लुळी पडली तेव्हा रोप तहानलेले आहे असे समजून मी पाणी आणखी वाढवले. शेवटी ते उपटून पाहिले, तर मुळे तपकिरी झाली होती आणि चिमटीत धरून ओढताच बाहेरचे आवरण मोज्यासारखे निसटून आत फक्त दोरा उरत होता.

ते आवरण म्हणजे वेलामेन, मृत पेशींचा स्पंजासारखा थर. कोरडा असताना त्याच्या पेशींत हवा असते, म्हणून मूळ रुपेरी-करडे दिसते. पाणी मिळाले की थर पारदर्शक होतो आणि आतले हरितद्रव्य दिसू लागून मूळ काही क्षणांत हिरवे होते. दुसऱ्या रोपासाठी मी पारदर्शक प्लास्टिकची, जेमतेम सात सेंटिमीटरची कुंडी घेतली, ती याच कारणाने. तिच्यात झाडाच्या सालीचे बारीक तुकडे, थोडा कोळसा आणि सैलसर मॉस आहे. कुंडीतली मुळे रुपेरी दिसली की पाणी, हिरवी असली की थांबणे, एवढाच नियम मी पाळते. इतक्या लहान कुंडीत कडक उन्हाळ्यात दोन दिवसांत मुळे वाळतात आणि दमट हवेत आठवडाही निघतो, त्यामुळे ठरलेल्या वाराचा काहीच उपयोग नाही. बर्फाचे खडे ठेवून पाणी देण्याची टूम मला मुळीच पटत नाही. उष्ण जंगलातल्या मुळांना बर्फ कशासाठी?

पाणी सकाळी द्यावे आणि पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर तो कापसाने टिपून घ्यावा. या रोपाला वर वाढणारा शेंडा एकच असतो आणि तो कुजला की वरची वाढ कायमची थांबते. खत पाकिटावरच्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्शाने पुरते, मात्र मधूनमधून साध्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे नाही.

या जातीचा संपूर्ण जनुकसंच २०१५ साली प्रसिद्ध झाला, ऑर्किडांमध्ये सर्वांत आधी. वाळवंटी निवडुंगाप्रमाणे हीसुद्धा पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवते आणि दिवसा पाणी राखते. फांदीवर माती नसते, दोन पावसांमधला काळ कोरडाच जातो, हे लक्षात घेतले की दमट जंगलातल्या रोपाची ही काटकसर समजते.

फुले गेली म्हणून दांडा कापण्याची घाई मात्र करू नये. तो हिरवा असेपर्यंत टोकाला नवी कळी येऊ शकते, आणि माझ्या रोपाने तर याहून मोठी गंमत केली. दांड्याच्या पेरावर फुगीर काही दिसले, मी कळी समजून रोज निरखत होते, आणि त्यातून तांदळाएवढी दोन पाने निघाली. अशा पिल्लाला हवाई बेटांच्या भाषेतला ‘केइकी’ म्हणजे बाळ हा शब्द रूढ आहे. मुळे तीन-चार सेंटिमीटर होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नये. माझ्या पिल्लाला सध्या एकच मूळ आहे, सव्वा सेंटिमीटरचे, टोकाशी पोपटी. पट्टी रोज लावून पाहते, कात्री अजून कपाटातच आहे.