राजीनाम्यामागचं कारण

आज दिवसभर कंपन्यांच्या स्वतंत्र संचालकांची, म्हणजे मालक वा व्यवस्थापनाशी हितसंबंध नसलेल्या संचालकांची, राजीनामापत्रं वाचली. सेबी या शेअर बाजार नियामकाच्या नियमानुसार २०१९पासून राजीनाम्याचं सविस्तर कारण कंपनीला ७ दिवसांत शेअर बाजाराला कळवावं लागतं. शिवाय 'याखेरीज दुसरं महत्त्वाचं कारण नाही' अशी लेखी ग्वाहीही संचालकाला द्यावी लागते. आज हाती आलेली पत्रं मात्र बहुतेक दोन ओळींची! 'वैयक्तिक कारणास्तव', 'इतर कामांची व्यग्रता'. एक्सेलमध्ये कारणाचा रकाना भरताना हात अडतो. म्हणून आता राजीनाम्याच्या तारखेशेजारी कंपनीचे लेखापरीक्षक कधी बदलले, आर्थिक निकाल कधी लागले, हेही मांडतेय. नियम आहे म्हणजे तो पाळला जातोय, हे मला मान्य नाही. तपासूनच बघायला हवं. एका पत्रात मात्र सरळ लिहिलं होतं, की मागितलेली कागदपत्रं बैठकीआधी मिळाली नाहीत. फार बरं वाटलं. असं लिहायला हिंमत लागते.