टंगमार्गच्या उतारावर दहा युनिट

सांगलीत इलेक्ट्रिक गाडी बघायला आलेला माणूस किंमत आणि रेंज विचारून झाली की हमखास पुराचं विचारतो. 2019 आणि 2021 ला ज्यांच्या पार्किंगमध्ये कृष्णामाई येऊन गेली, ते तर आधी तेच विचारतात. त्याची उत्तरं मला तोंडपाठ आहेत. बर्फाचं मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं. मी कवठेमहांकाळची. आमच्याकडं वेळेवर पाऊस पडला तरी कौतुक, बर्फाचं काय घेऊन बसलात.

माधवनगर रोडला एका वर्कशॉपमध्ये मी इलेक्ट्रिक गाड्यांचं काम बघते. जानेवारीतली दुपार होती, चार वाजत आले होते. लिफ्टवर एक गाडी, हातात हाय व्होल्टेजचे जाड रबरी हातमोजे, आणि खिशात फोन सारखा थरथरतोय. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा हातमोजे काढून घेतला. विट्याचे एक शेठ होते. म्हणजे घर विट्याजवळ, धंदा श्रीनगरात. गलाईवाले. सोन्याचांदीची आटणी करून चोख माल काढायचा हा खानापूर-आटपाडीकडचा पिढीजात धंदा, आणि सराफ बाजार असेल त्या गावात, मग ते काश्मीर असो नाहीतर केरळ, आपल्याकडचं एखादं घर सापडतंच. श्रीनगरच्या लाल चौकाजवळ तर ही मंडळी गणपतीसुद्धा बसवतात. या शेठनी गाडी आमच्याकडून घेतली होती, एमएच 10 ची पाटी लावून ट्रेलरवरून श्रीनगरला नेली होती.

"ताई, गाडी फसवतीया बघा. सकाळी अडतीस टक्के ठेवून गेलो, आता तेहतीस दावतीया. कुणी चालवली पण नाय."

आई, बायको आणि दोन पोरांना घेऊन ते गुलमर्गला गेले होते. बर्फात वर जायचं तर पायथ्याच्या टंगमार्ग गावापासून चाकांना साखळ्या लागतात, म्हणून गाडी टंगमार्गलाच ठेवून साखळ्यांच्या टॅक्सीनं वर गेले. दिवसभर गाडी उघड्यावर. परत येऊन खाली निघाले तर दोनेक किलोमीटरवर एक ट्रक आडवा घसरलेला. पुढं रांग, मागं रांग, आणि वरून परत भुरभुर सुरू.

मी आधी डिस्प्लेचा फोटो मागवला. तेहतीस टक्के. बाहेर उणे चार. टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागलेला. आणि ब्रेकमधून वीज परत घेण्याच्या जागी 'मर्यादित' अशी सूचना.

बिघाड एकही नव्हता. सगळी थंडीची कामं. सेलच्या आतला द्रव गारठला की घट्ट होतो, लिथियमचे आयन रेंगाळतात आणि सेलचा आतला रोध वाढतो. आहे ती वीजही मग पूर्ण हाताला लागत नाही. यांची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. ती टिकाऊ, आपल्या उन्हाला चांगली, पण थंडीत जरा जास्तच अंग चोरते. शिवाय या सेलचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळं किती टक्के उरलं हा गाडीचा अंदाजच असतो, आणि गारठ्यात तो आणखी डळमळतो. म्हणून टक्क्यांवर जीव टाकू नका, दहाच्या खालचं आपलं नाहीच असं धरा, हे त्यांना पहिल्यांदा सांगितलं.

"आन् हवा? पंक्चर हाय का?"

"चारही चाकांत सारखीच कमी दिसतीय ना? मग पंक्चर नाही. सांगलीच्या पस्तीस अंशात भरलेली हवा आहे ती."

साधारण साडेपाच अंश तापमान उतरलं की एक पीएसआय हवा उतरते. पस्तिसावरून उणे चारावर म्हणजे सात पीएसआय गेले. हळू चालवत घर गाठायला हरकत नव्हती.

मग जॉब कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशोब मांडला. बॅटरी तीस युनिटांची. तेहतीस टक्के म्हणजे दहा युनिट. श्रीनगरचं घर अजून चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. बहुतेक रस्ता उताराचा आणि वेग कमी, तरी गार बॅटरीवर सहा युनिट धरायलाच हवेत. हाताशी उरले चार, आणि त्यातले तीन दहा टक्क्यांच्या खालचे, म्हणजे धरवत नाहीत असे.

आणि हीटर पूर्ण लावला की ताशी तीन युनिट ओढतो.

पेट्रोल-डिझेलच्या गाडीत माणूस या हिशोबाच्या वाटेलाच जात नाही. इंजिन जाळतं त्यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते, त्यातली थोडी आत वळवली की झालं. आमच्या गाडीत वाया जाणारी उष्णता फारशी नाही. हिवाळ्यात तेच नडतं, कारण ऊब बॅटरीतूनच विकत घ्यावी लागते. तीन तास रांगेत हीटर चालू ठेवून बसले असते तर गाडी जागची हलायच्या आत नऊ युनिट संपले असते.

आमचे सुपरवायझर मागं उभे राहून ऐकत होते. "डिझेल घेतली असती तर हा फोनच आला नसता," एवढं बोलून चहाला गेले. त्यांना डिझेलचं भारी प्रेम. डिझेलही थंडीत मेण धरतं, 2019 साली लडाखसाठी उणे तेहतीसपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल काढावं लागलं, हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी ऐकवलं. त्या वेळी वाद घालायला सवड नव्हती.

शेठना सांगितलं, गाडी पूर्ण बंद करा. नुसती चालू ठेवली तरी आतली इलेक्ट्रॉनिक्स थोडं थोडं खातच असतात. फोन आधी चार्ज करून घ्या, थंडीत फोनची बॅटरीही दगा देते. अर्ध्या-पाऊण तासानं गाडी चालू करायची, दहा मिनिटं हीटर, आतलीच हवा फिरती ठेवून, की परत बंद. दर खेपेला अर्धं युनिट. काचा धुकटल्या तर पुसा, त्यासाठी पंखा लावून बसू नका.

पाचएक मिनिटांनी परत फोन. आवाज हलका झालेला.

"ताई, काम झालं. हितल्या एका दुकानदारानं कांगडी दिली आईसाठी. पेटलेली. आता हीटर नको न् काय नको."

माझ्या पोटात गोळा आला. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात कोळशाचे निखारे. काश्मिरी माणूस ती फेरनच्या, म्हणजे लांब ढगळ अंगरख्याच्या, आत धरून हिंडतो. मोकळ्या हवेत ठीक आहे, पण काचा बंद केलेल्या गाडीत, पाच माणसांत, बाहेरून बर्फ साचत असताना!

"शेठ, ती आधी बाहेर ठेवा. आत्ता. मी फोन धरून आहे."

"अहो, म्हातारीचे हात निळं पडल्यात..."

"भट्टीच्या खोलीचं दार-खिडकी बंद करून तुम्ही आत झोपाल का?"

पलीकडं एक क्षण काही नाही. मग दार उघडल्याचा, वाऱ्याचा, परत दार आपटल्याचा आवाज. पुढं समजावत बसायची गरज पडली नाही. ज्याचा जन्म मूस आणि कोळशाशेजारी गेला त्याला कार्बन मोनॉक्साइडचं नाव माहीत नसेल, पण बंद खोलीतल्या निखाऱ्यानं माणूस कसा गुमान जातो हे त्याच्या घरात कुणीतरी सांगितलेलं असतं. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरीच्या रस्त्यावर बर्फात अडकलेल्या गाड्यांमधली वीसहून जास्त माणसं गेली. सायलेन्सर बर्फानं बुजून इंजिनाचा धूर आत आल्यानं त्यातल्या काहींचा जीव गेला, असं तेव्हा सांगितलं गेलं. आपली गाडी धूर सोडत नाही म्हणून तो एक धोका नव्हता, आणि तोच आपण हातानं उचलून आत ठेवणार होतो. आईंना मध्ये बसवा, दोन्ही नातवंडं दोन बाजूंना चिकटवा, पायांवर सगळ्यांच्या शाली, आणि हीटरची पहिली दहा मिनिटं आत्ताच वापरा, असं सांगितलं. चार युनिटांतलं अर्धं त्यांच्या हातांवर खर्च झालं तर झालं.

रस्ता मोकळा व्हायला अडीच तास लागले. तोवर मी लिफ्टवरची गाडी खाली घेऊन गिऱ्हाइकाला दिली, त्यांच्याशी काय बोलले ते आता आठवत नाही. साडेसहाला शेठचा फोन आला तेव्हा चोवीस टक्के होते.

पुढचा उतार मला हीटरपेक्षा अवघड वाटत होता. या गाड्यांची सवय झालेला माणूस ब्रेकवर पाय फारसा ठेवतच नाही. अॅक्सिलरेटर सोडला की मोटरच चाकं धरते आणि वीज परत बॅटरीत भरते. गारठलेली बॅटरी ती घ्यायला तयार नसते. शून्याच्या खाली जबरदस्तीनं चार्ज केलं तर लिथियम आत शिरायच्या ऐवजी इलेक्ट्रोडवर थर धरून बसतं, सेल कायमचा खराब होतो, म्हणून गाडीचं नियंत्रणच ते अडवतं. म्हणजे पसरणीच्या घाटात जी गाडी आपसूक धरते ती इथं मोकळी सुटणार. त्यात मोटरचा जोर फक्त पुढच्या चाकांना, आणि खाली बर्फाचा पातळ थर.

"गाडी धरणार नाही असंच समजून चालवा. इको मोड. पुढच्या गाडीपासून चांगलं लांब. ब्रेक लांबून, हलक्या पायानं. वळणात अॅक्सिलरेटर दाबू नका, मोटरचा जोर एकदम येतो, चाक फिरतं न् गाडी सरळ जाते." मग फोन ठेवायला लावला. गाडी चालवणाऱ्याच्या कानाला लागून राहण्यात शहाणपण नाही.

मी घरी गेले नाही. मावशीला सांगितलं जेवायला थांबू नको. सुपरवायझरही थांबले होते, डिझेलवाले. न विचारता माझ्यासाठी वडापाव घेऊन आले.

पाऊण तासानं वाटेतल्या मागाम गावाहून फोन. एकोणीस टक्के. रस्ता अजून निम्म्याहून जास्त. पण एका गोष्टीनं बरं वाटलं: गाडी आता "जराशी धरतीया" म्हणाले. चालून चालून सेलना ऊब आली होती. म्हणजे आता वीज घेतील.

"आसपास पंधरा अँपिअरचा प्लग बघा. गॅरेज, पिठाची गिरणी, काहीही."

सापडली ती कांदरची भट्टी, म्हणजे तंदुरी रोटीची बेकरी. त्यानं दुकानातला प्लग दिला. आपल्याबरोबरचा चार्जर लावला तर लाल दिवा. फोटो बघितला, अर्थिंगची खूण लुकलुकतेय. दोन कवडीच्या अर्थिंगपायी माझ्या निम्म्या तक्रारी असतात, सांगलीत काय आणि काश्मिरात काय. बेकरीत कणीक मळायच्या मशीनला वेगळी लाईन होती. मोटरच्या लाईनला बहुतेक अर्थिंग असतं. तिथं लावल्यावर हिरवा लागला. व्होल्टेज उतरलेला, तासाभरात चारच टक्के चढले. पण तोवर सगळं घर तंदूरशेजारी बसून गरम रोट्या खात होतं, आणि आई त्या कांदरला मराठीत काहीतरी सांगत होत्या म्हणे. हीटरचा खर्च शून्य.

दहा वाजता लाल चौक. आठ टक्के उरले होते. मी ज्याला आपलं नाही म्हणत होते त्यात दोन टक्के शिरले.

रात्री झोप लागेना तेव्हा डोक्यात बर्फ नव्हता, प्लग होता. 2024 मध्ये नॉर्वेत विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ 89 टक्के इलेक्ट्रिक होत्या. थंडी तिथं काय कमी आहे? पण त्यांची गाडी रात्रभर घराच्या प्लगला असते. सकाळी निघायच्या आधी बॅटरी आणि आतली हवा दोन्ही भिंतीतल्या विजेवर गरम होतात, आणि गाडी भरल्या पोटी, अंग मोकळं करून निघते. थंडीत रेंज त्यांचीही कमी होतेच, पाव भाग, कधी तिसरा भागही. त्यांना ते ठरवून सोसता येतं. आमचे शेठ भाड्याच्या घरात. गाडी गल्लीत. चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मिरातल्या कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस आणि त्यात लाईट जातेय-येतेय, म्हणून मिळेल तेव्हा दुकानाजवळ थोडं थोडं चार्ज. त्या दिवशी ते बहात्तर टक्क्यांवर निघाले होते, आणि ती बॅटरी रात्रभर गारठलेली. उधारीवरच निघाले होते म्हणा ना. हे गाडी विकताना विचारायला हवं, रेंज किती हवी याच्या आधी. आता बाहेरगावी गाडी नेणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते: रात्री गाडी कुठं उभी राहणार आणि तिथनं प्लग किती फुटांवर. विक्रीच्या मुलांना ते आवडत नाही. एका लेहच्या गलाईवाल्याला मी सरळ सांगितलं, स्वतःचं पार्किंग होईपर्यंत घेऊ नका. तो चिडला.

एप्रिलमध्ये शेठ गावच्या यात्रेला रेल्वेनं आले, जाताना वर्कशॉपमध्ये डोकावले. अक्रोडाची पिशवी टेबलावर ठेवली, मोबाईल काढला. घरमालकाला पटवून त्यांनी खाली गल्लीपर्यंत वेगळी लाईन ओढून घेतली होती. बॉक्स, एमसीबी, अर्थिंगचा खड्डा, सगळ्याचे फोटो. अर्थिंगच्या फोटोत तर ते स्वतः शेजारी उभे. मी वायरचा फोटो मोठा करून बघितला.

"शेठ, ही अडीच स्क्वेअर एमएमची वायर आहे. मीटरपासून किती लांब?"

"असंल की पन्नास-साठ मीटर."

"रात्रभर पंधरा अँपिअर ओढणार, वर तिथं आधीच व्होल्टेज कमी. चारची टाका. तोवर चार्जर दहा अँपिअरवर ठेवून चार्ज करा."

त्यांनी फोटोकडं पुन्हा एकदा बघितलं. "श्रीनगरात चांगली मिळती का बघतो," म्हणाले, "नायतर विट्यातनंच बंडल न्हेतो."